फळ्याशेजारचं शेवाळ

बोदलपूरच्या शाळेत शेवाळ आलं तेव्हा त्याची मिरवणूक निघाली होती. हसू नका. पुढं लेझीमपथक, मागं झेंडूनं सजवलेली विजेवरची हातगाडी, आणि गाडीवर काचेच्या पेट्यांमध्ये ओलं, हिरवंगार, मुकं शेवाळ. मुख्याध्यापक गिऱ्हेपुंजे सरांनी नारळ फोडला, पेट्यांना हळदकुंकू लावलं आणि हात जोडले. नवी बस आली तेव्हाही त्यांनी हेच केलं होतं आणि हजेरी घेणारं दार बसवलं तेव्हाही. त्यामुळं गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शेवाळ मात्र साधं नव्हतं. माणूस घाबरला की त्याचे स्नायू आवळतात, आणि स्नायू आवळले की श्वासावाटे आयसोप्रीन नावाचा वायू नेहमीपेक्षा जास्त बाहेर पडतो. आपल्या नाकाला तो कळत नाही. पण मोठा चुगलखोर वायू! सिनेमागृहातली हवा तपासली तर पडद्यावर नेमकं केव्हा काहीतरी भयंकर घडलं ते सांगता येतं. संशोधकांनी शेवाळाला हा वायू ओळखायला शिकवलं, आणि रानात अंधारात चमकणाऱ्या अळंब्यांची जनुकं त्यात घातली. वायू वाढला की शेवाळ निळसर उजळायचं, हवा निवळली की विझायचं.

हेतू सोन्यासारखा होता. माध्यमिक शाळेतली पोरं म्हणजे बंद कुलपं. काय झालं विचारलं तर "काही नाही" म्हणतात आणि आतल्या आत कुढतात. कुणाला कोणी छळतं, कुणाच्या घरी काही वाईट घडतं, आणि शाळेला कळतं तेव्हा वेळ निघून गेलेली असते. कॅमेरे नकोत, मनगटाला पट्टे नकोत. वर्गात नुसतं एक शेवाळ असावं, आणि वर्गाच्या जिवाला काही लागलं तर त्यानं उजळून सांगावं.

पेट्या बसवायला आलेला तंत्रज्ञ म्हणाला होता, "सर, मागच्या भिंतीला लावू, मुलांच्या डोक्यावर."

"मागं?" गिऱ्हेपुंजे सरांना ते पटेना. "चांगली वस्तू कोणी मागं लावते का हो? मागं आम्ही मोडके बाक ठेवतो." आणि त्यांनी प्रत्येक वर्गात फळ्याच्या शेजारी, सुविचाराच्या बरोब्बर खाली कोनाडा करवून घेतला. उजेड पडू नये म्हणून वर लाकडी छप्पर, आणि छपराला प्लॅस्टिकच्या झेंडूची माळ. मुलांना समोर बसून शेवाळ दिसायचं. शिकवणाऱ्याची पाठ त्याला टेकायला आलेली असायची.

एवढ्यावर सर थांबले असते तरी निभावलं असतं. पण आपल्याकडं कुठलीही गोष्ट आली की तिची स्पर्धा व्हायलाच हवी. सरांनी फिरती ढाल काढली. आठवडाभर ज्या वर्गाचं शेवाळ सगळ्यात कमी उजळेल तो 'निर्भय वर्ग'. शनिवारी सकाळच्या शाळेत प्रार्थना झाली की टाळ्यांच्या कडकडाटात ढाल द्यायची.

ढाल आली आणि हेतूला ग्रहण लागलं.

*

नववी ब वर्गाच्या रोहिणी निंबार्ते मॅडमना ती ढाल कधी मिळाली नाही. बाई मराठी शिकवायच्या, आणि शिकवायच्या जीव ओतून. पोरांवर मायाही तशीच. कोणी डबा आणला नाही तर यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. "बरंच आहे," त्यांचा नवरा सुधाकर चेष्टेनं म्हणायचा, "एक असतं तर तू त्याला काळजीनंच मारलं असतं."

दिवाळीनंतर त्यांच्या वर्गात ईश्वरी नान्हे आली. काळीसावळी, लांब बोटांची, पाण्यासारखी शांत पोर. तिचे वडील तलावात मासे धरायचे. मागच्या पावसाळ्यात वादळात डोंगा उलटला आणि ते तलावातच गेले. आई आधीच नव्हती, म्हणून मावशीनं तिला बोदलपूरला आणलं. बोदलपूरही त्याच तलावाच्या काठी, फक्त दुसऱ्या अंगाला. शाळेच्या खिडकीतून तलाव दिसायचा. हिवाळ्यात सकाळी त्याच्यावर धुकं असं पसरायचं की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते सांगता येऊ नये. ईश्वरी खिडकीजवळ बसायची आणि त्या धुक्याकडं टक लावून पाहायची. कविता चालू असो की व्याकरण, तिचे डोळे तिकडं.

रोहिणी मॅडमनी नुकतंच बालसुरक्षेचं प्रशिक्षण घेतलं होतं. मूल गप्प असलं तर लक्ष ठेवा. एकटं बसलं तर लक्ष ठेवा. एकाच जागी टक लावून पाहत असलं तर फारच लक्ष ठेवा. ईश्वरीत बाईंना सगळीच लक्षणं दिसली. बाप ज्या पाण्यानं गिळला त्या पाण्याकडं ही पोर दिवसभर पाहते, म्हणजे हिच्या मनात काय असेल? हा विचार बाईंच्या डोक्यातून जाईना. शिकवता शिकवता नजर तिच्याकडं जायची, आणि ओळ अर्धीच राहायची.

अशा वेळी वर्गाचे डोळे एकदम मोठे व्हायचे. मुलं बाईंच्या खांद्यावरून मागं पाहायची. बाई वळायच्या, तर कोनाड्यात निळं चांदणं पडलेलं. काय सुरेख दिसायचं ते! पहाटेच्या स्वप्नात दिसावं तसं. पण ते सुरेख वाटून घ्यायची सोय नव्हती. सगळा वर्ग हळूहळू मान वळवून खिडकीकडं बघायचा, ईश्वरीकडं.

हिशेब सरळ होता. ती यायच्या आधी शेवाळ थोडंफारच लुकलुकायचं, आता रोज उजळतं. ती तापानं घरी राहिली तो सगळा दिवस कोनाडा काळाठिक्कर होता. बाईंनाही त्या दिवशी हायसं वाटलं होतं. पोर घरी मावशीजवळ आहे म्हटल्यावर कसला घोर?

"मॅडम, हिला बाहेर बसवा न," वर्गाचा मॉनिटर यथार्थ भुरे एकदा सरळ म्हणाला. "हिच्यापायी आपल्याले ढाल भेटून नाही राहिली."

बाईंनी त्याला झापलं. पण दुसऱ्या दिवसापासून ईश्वरीच्या बाकावर कोणी बसेना. दर शनिवारी ढाल जायची सातवी अ वर्गाला. त्यांचे हटवार सर एप्रिलमध्ये निवृत्त होणार होते. ते वर्गात येत, धडा वाचायला सांगत आणि खुर्चीत डोळे मिटून घेत. ढाल घेतानाही त्यांनी जांभई दिली होती. कुणाला त्यात काही दिसलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

*

एका सकाळी लहान सुट्टीत बाईंनी खिडकीतून पाहिलं, तर काय! ईश्वरी तलावात उभी होती. गुडघ्याएवढ्या पाण्यात, पाठमोरी, अगदी स्थिर. धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. ती धुक्यातच उगवल्यासारखी वाटत होती.

बाई चप्पल न घालता धावल्या. लव्हाळ्यातून, चिखलातून धापा टाकत गेल्या आणि तिचा दंड धरून तिला ओढलं.

"काय करून राहिली होतीस, ईश्वरी? काय करणार होतीस?"

"काही नाही जी मॅडम." पोर दचकली होती. "पाहून राहिली होती."

"काय पाहायचं असतं पाण्यात?"

ईश्वरीनं बाईंच्या चिखलानं भरलेल्या पायांकडं पाहिलं, त्यांच्या थरथरत्या ओठांकडं पाहिलं, आणि ती गप्प बसली. मोठी माणसं अशी घाबरलेली असली की त्यांना काही सांगण्यात अर्थ नसतो, हे तिला कळत होतं. बाईंना मात्र ते गप्प बसणं आणखी एक लक्षण वाटलं. त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं, मुख्याध्यापकांनी जिल्ह्याच्या बालस्वास्थ्य समितीला कळवलं.

पुढच्या आठवड्यात कविता चालली होती. बाई फळ्यावर शब्दार्थ लिहून वळल्या. वर्ग नेहमीसारखा बाईंच्या मागं पाहत नव्हता, तो खिडकीकडं पाहत होता. ईश्वरी ताठ बसली होती. ओठ घट्ट मिटलेले, गाल किंचित फुगलेले, डोळे कोनाड्यावर. बाईंना काही उमगायच्या आत तिचे डोळे फिरले आणि ती बाकावरून खाली घसरली.

कोनाडा असा पेटला की छपराखालून निळा उजेड सुविचारावर पडला.

बाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं. पोरीनं मोठ्ठा श्वास ओढला आणि पहिलं काय विचारलं असेल? "विझलं का जी?"

"काय विझलं, बेटा?"

"शेवाय. मी श्वास घेतला नाही न. म्हटलं, आज तरी याइले ढाल भेटन."

बाईंना रडू फुटलं. चारचौघांत, वर्गासमोर. यथार्थ मॉनिटर मान खाली घालून उभा राहिला. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण मॉनिटर असल्यामुळं त्यानं ते बाहीला पुसलं.

*

समितीचा निर्णय लगेच आला. ईश्वरीला नागपूरच्या निवासी केंद्रात ठेवायचं. केंद्राचं नाव 'विसावा'. तिथं डॉक्टर होते, समुपदेशक होते, बाग होती. तलाव नव्हता, आणि मावशीही नव्हती. शनिवारी समितीच्या डॉ. शहारे स्वतः येऊन तिला घेऊन जाणार होत्या.

मावशी शाळेत आली. मासळीबाजारातून तशीच आलेली, पदर खोचलेला. ती भांडली नाही. बाईंसमोर बसली आणि म्हणाली, "मॅडम, पोरगी घरी चांगली राहते जी. जेवते, हसते. कधी बापाची आठवण आली त रडते. आठवण नाही येईन का? तिले तिकडं नेऊ नका. पाण्याबाहेरची मासोळी होईन ते."

"मावशी, तिच्या भल्यासाठीच आहे," बाई म्हणाल्या. पण मान वर करून म्हणवेना.

त्या संध्याकाळी बाईंनी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात थोडं शेवाळ घरी आणलं. शेवाळ वाढलं की वर्गशिक्षकानं त्याची छाटणी करायची असे, आणि छाटलेलं फेकून द्यायला बाईंचा हात धजावत नसे. त्यांनी डबा उघडून ओट्यावर ठेवला आणि भाजी चिरायला घेतली. शनिवारी ईश्वरी गाडीत बसेल. मागच्या काचेतून पाहील. वांगं चिरता चिरता सुरी थांबली.

"अगं, हे काय?" सुधाकर पाणी प्यायला आला होता. तो वीज कंपनीत होता. छतांवरच्या सौरपट्ट्यांचे मीटर तपासत गावभर हिंडायचा, त्यामुळं कुठलाही उजेड दिसला की त्याचं लक्ष जायचं. डबा निळा निळा चमकत होता. "वा! असं उगवत राहिलं तर आमची कंपनी बुडाली म्हणायची."

"वर्गातून आणलंय. पोरांची भीती अजून त्यात राहिली असेल," बाई म्हणाल्या.

"भीती काय लोणचं आहे का, मुरून राहायला?"

बाई हसल्या नाहीत. त्या कपडे आत घ्यायला गच्चीवर गेल्या. परत आल्या तर स्वयंपाकघरात सुधाकर एकटा, शीळ घालत वांगी चिरत बसलेला, आणि डबा काळोखा.

"विझलं?"

"तू गेल्यावर विझलं. चांगलं दिसत होतं."

बाई ओट्याशी आल्या. डब्याकडं पाहत उभ्या राहिल्या. हळूहळू, झोपेतून कुणी डोळे उघडावेत तसं शेवाळ उजळलं. आधी कडेला, मग मध्ये. सुधाकरची शीळ थांबली. त्यानं बायकोकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं.

"रोहिणी, जरा अंगणात जाऊन ये बरं."

त्या गेल्या. डबा विझला. त्या आल्या, डबा उजळला. पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. शेवटी सुधाकरनं सुरी खाली ठेवली आणि तो इतक्या हळू बोलला की त्याच्या तोंडी तो आवाज बाईंनी कधी ऐकला नव्हता. "इतकं भेतेस तू? रोज?"

बाई खाली फरशीवरच बसल्या. ईश्वरी पडली तेव्हाचा तो पेटलेला कोनाडा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. पोरीनं तर श्वासच घेतला नव्हता. मग तो उजेड कुणाच्या श्वासाचा? कोनाड्याला पाठ लावून रोज कोण उभं असतं? ती तापानं घरी होती त्या दिवशी निर्धास्त कोण होतं? आणि खुर्चीत झोपणाऱ्या हटवार सरांकडं ढाल का जाते? सगळं कसं लख्ख होतं, आणि तेच त्यांना आजवर दिसलं नव्हतं.

"चोर सोडून संन्याशाला सुळी दिली हो मी," त्या म्हणाल्या. सुधाकर त्यांच्या शेजारी फरशीवर बसला. दोघं त्या निळ्या उजेडात बसून राहिली, आणि वांगी तशीच काळी पडली.

*

दुसऱ्या दिवशी बाई गिऱ्हेपुंजे सरांच्या खोलीत गेल्या. सगळं सांगितलं. सरांनी आधी दार लावलं.

"मॅडम, तुम्ही काहून हात दाखवून अवलक्षण करून राहिल्या?" ते कळवळून म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "नियम तुम्हाला ठाऊक आहे. भयग्रस्त प्रौढानं मुलांच्या वर्गावर राहू नये. उद्या समिती म्हणेल, ह्यांनाच हटवा. पोरगी काय, चांगल्या ठिकाणी चालली आहे. बाग आहे तिथं."

"तिला बाग नकोय सर. तिला तलाव हवाय."

"आणि तुम्हाला वर्ग नको?"

हा प्रश्न बाईंना लागला. वर्ग सोडून त्यांना दुसरं होतं काय? त्या नववी ब मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. शाळा सुटली होती. रिकामे बाक, बाकांवर कोरलेली नावं, खिडकीत पांढुरका तलाव. त्या बाकांवरून हात फिरवत गेल्या आणि कोनाडा पाठीमागं मंद मंद उजळत गेला. त्यांना वाटलं, आपण या खोलीत नाही, या खोलीच्या स्वप्नात हिंडतो आहोत आणि जाग आली की कुणीतरी दुसरंच फळ्यापाशी उभं असेल. खूप भीती वाटली. पण आता निदान ती कुणाची आहे हे ठाऊक होतं.

*

शनिवारी धुकं दाट होतं. प्रार्थना झाली, पण ढाल दिली गेली नाही, कारण डॉ. शहारे वेळेआधीच आल्या. पिकल्या केसांच्या, डोळ्यांखाली झोपेची वर्तुळं असलेल्या, हातातलं घड्याळ सारखं पाहणाऱ्या. ईश्वरी मावशीचा हात धरून व्हरांड्यात उभी होती, पाठीवर दप्तर आणि पायाशी कपड्यांची पिशवी. वर्गातली सगळी मुलं बाहेरून खिडक्यांना लटकलेली.

"डॉक्टर, जायच्या आधी एक पाहाल?" रोहिणी मॅडम म्हणाल्या. "ईश्वरीला वर्गात एकटीला बसवू या. अगदी कोनाड्यापाशी."

गिऱ्हेपुंजे सरांनी कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली.

ईश्वरी आत गेली. फळ्यापाशी, बाई रोज उभ्या राहतात तिथंच उभी राहिली. सगळे दारातून पाहत होते. शेवाळ काळं. पोरीनं आधी भीतभीत, मग नेहमीसारखा श्वास घेतला. शेवाळ काळंच. तिनं वळून कोनाड्याकडं पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मावशीनं तोंडाला पदर लावला.

"मी नाही," ईश्वरी म्हणाली. "मावशी, मी नाही ना वं!"

मग बाई आत गेल्या. पाच-सहा श्वास झाले असतील. कोनाडा निळा झाला. खिडक्यांतून मुलांचा एकच आवाज आला, "आं!"

"मी आहे," बाई खिडक्यांतल्या मुलांकडं वळून म्हणाल्या. "माझी भीती आहे ही. ईश्वरीला काही होईल म्हणून, तुम्हाला कुणाला काही होईल म्हणून. पोरांनो, तुम्ही तिला दूर बसवलंत, आणि ते मला दिसत असून मी मागं वळून नीट पाहिलं नाही. ईश्वरी, बेटा, चुकलं माझं."

डॉ. शहारे हळूहळू आत आल्या. "हे शेवाळ आमच्या समितीनंच तपासलं होतं. चाचण्यांत खोलीत फक्त मुलं असायची," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "मुलांच्या श्वासात हा वायू मुळात कमी असतो, मोठ्यांच्या कितीतरी जास्त. वर्गात शिक्षक असेल म्हणून त्याचा श्वास आम्ही अंदाजानं वजा धरला होता. पण शांत शिक्षकाचा." त्या कोनाड्यापाशी वाकल्या, आणि शेवाळ आणखी उजळलं. त्या दचकून मागं सरल्या. "माझा मुलगा दहावीत आहे," त्यांनी खुलासा केला, जणू कुणी विचारलं होतं. "परवापासून बोलत नाहीये माझ्याशी."

गिऱ्हेपुंजे सर आत आले तेव्हा तर सुविचारसुद्धा वाचता येऊ लागला. सरांना कशाची भीती होती ते त्यांनी सांगितलं नाही. पण शाळेत मुलं आहेत तोवर कुठल्या मुख्याध्यापकाला ती नसते? तिन्ही मोठी माणसं त्या निळ्या उजेडात, चोरी पकडली गेल्यासारखी उभी राहिली. मुलं खिडकीतून पाहत होती, आणि कुणी हसत नव्हतं.

"मुलगी इथंच राहील," डॉ. शहारे म्हणाल्या. "पेट्या मागं न्या, आणि ती ढाल आधी कपाटात टाका. निंबार्ते मॅडम, तुमच्याबद्दल मला समितीत बोलावं लागेल. काय ठरेल ते आज सांगता येत नाही."

"बोला," बाई म्हणाल्या. त्यांनी कोनाड्याची कड घट्ट धरून ठेवली होती.

ईश्वरीनं ते पाहिलं. ती पुढं आली आणि तिनं बाईंचा हात धरला. त्या दिवशी तलावात बाईंनी तिचा दंड धरला होता, तसा नाही. हळूच.

"मॅडम, या इकडं," म्हणाली. खिडकीपाशी घेऊन गेली. "तिथं पाहा. तो बांबू दिसते का जी पाण्यात?"

धुक्यातून एक काळी रेघ दिसत होती.

"तिथं चक्रवाकाची जोडी येते दरसाल. नारिंगी बदकं असतात जी, हिमालयापल्याडून येतात. बाबा न मी पैज लावत होतो, कोण आधी पाहते म्हणून. औंदा मी एकटीच पाहून राहिली. त्या दिवशी पाण्यात गेली होती न, धुक्यामुळं इथून दिसत नव्हतं म्हणून." थोडं थांबून ती म्हणाली, "मले बाबाची आठवण येते. भेव नाही वाटत. आठवण वेगळी न भेव वेगळा, नाही का जी?"

"हो," बाई म्हणाल्या. "वेगळा."

"तुम्ही भेऊ नका. बाबाची पैज आता तुम्ही लावा."

यथार्थ मॉनिटर दारातून आत आला, त्यानं ईश्वरीची पिशवी उचलून तिच्या बाकावर ठेवली आणि तो स्वतः तिथंच शेजारी बसला. मग एकेक करून सगळी आली. मोठी माणसं दारातून बाहेर गेली. बाई खिडकीशी उभ्याच होत्या, एक हात ईश्वरीच्या हातात. धुकं पाण्यावरून सावकाश उचललं जात होतं. बांबू दिसायचा, हरवायचा, पुन्हा दिसायचा. त्याच्याजवळ पाण्यावर अजून कोणी उतरलेलं नव्हतं.

"अजून नाही आले," बाई म्हणाल्या.

"येतील जी. घाई काय आहे?"

बाईंचे खांदे खाली आले. किती दिवसांनी त्यांनी पोट भरून श्वास घेतला.

मागं वर्गात कुजबुज झाली. "विझलं, विझलं रे." सगळी मुलं कोनाड्याकडं पाहत होती. बाईंनी मात्र वळून पाहिलं नाही. त्यांचं सगळं लक्ष त्या बांबूकडं होतं.